शिट्टी वाजेपर्यंत

मतदानाची यंत्रं आमच्या भागात नवीन आली, त्या वर्षी माझी ड्यूटी ओरत्तनाडूच्या पुढच्या एका खेड्यातल्या शाळेत लागली. मी तंजावूरच्या सरकारी शाळेत गणित शिकवायचे. गुडघ्यांमुळे सूट मागितली होती. ती तर मिळाली नाहीच, उलट या खेपेला केंद्राध्यक्ष केलं.

प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली होती. मत पडलं की यंत्र लांब शिट्टी देतं, आणि टेबलावरच्या पेटीचा लाल दिवा विझतो. शिट्टी नाही, तर मत नाही. सकाळपासून ती ऐकून दुपारपर्यंत माझं डोकं भणभणायला लागलं होतं. वर पंखा खडखडत होता, बाहेर रांगेतल्या बायका मोठमोठ्याने बोलत होत्या. डब्यातला चिंचेचा भात मी उभ्यानेच संपवला.

दोनच्या सुमाराला एक आंधळी म्हातारी भाच्याचा हात धरून आली. यंत्रं येण्याआधी मतपत्रिकेवर तिच्या वतीने दर वेळी शिक्का तोच मारायचा, असं कळलं. मी सोबत्याने भरायचा कागद पुढे केला, तशी ती तमिळमध्ये म्हणाली, "टीचर, या वेळी मी एकटी जाते. बटण आहे ना? बटण मला दाबता येतं."

"अत्तै, उगाच वेळ घालवू नकोस," भाचा आत्याला म्हणाला.

"तू इथेच थांब."

मी सगळ्यांसमोर उमेदवारांची नावं क्रमाने वाचून दाखवली. तिला पुठ्ठ्याच्या आडोशामागे नेलं, तिचं बोट सर्वांत वरच्या बटणावर टेकवलं आणि परत येऊन बसले. बराच वेळ गेला. मग आतून बारीक टक् असा आवाज आला.

"झालं, चल आता," भाचा म्हणाला.

"झालं नाही," म्हातारी आतूनच बोलली. "शिट्टी कुठे वाजली? रांगेत उभी राहून मी ऐकत होते. माझ्या पुढच्या प्रत्येकाची वाजली."

तिचं बरोबर होतं. लाल दिवा तसाच जळत होता. बोट हलकं पडलं असावं.

"पाट्टी, जोरात दाबा," मी आजीला बसल्या जागेवरूनच सांगितलं.

या वेळी शिट्टी वाजली. म्हातारी बाहेर आली. "इतकी वर्षं माझा शिक्का कुठे पडला, देवालाच ठाऊक," ती म्हणाली. भाचा तिचा हात न धरताच पुढे निघून गेला. तिला दारापर्यंत मी पोचवलं.

आठवड्याने तालुका कचेरीतून बोलावणं आलं. टीचरने आमच्या अत्तैचं बोट धरून मत घातलं, अशी त्या भाच्याने लेखी तक्रार केली होती. शाळा बुडवून, दोन बसगाड्या बदलून मी तीन वेळा गेले. पहिल्या वेळी अधिकारी दौऱ्यावर होते, दुसऱ्या वेळी कागद सापडेना. खुलाशाच्या शेवटी मी एक ओळ जास्तीची लिहिली: शिट्टी आणखी मोठी करावी, पंख्याच्या आवाजात म्हाताऱ्या माणसांना ती ऐकू येईलच असं नाही. कारकुनाने ती ओळ वाचली आणि विचारलं, "हे कशाला, टीचर?" मी म्हटलं, "असू दे."

घरी यजमान आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाले, "त्या भाच्याला आत जाऊ दिलं असतंस, तर हे हेलपाटे वाचले असते." त्यांचंही खोटं नव्हतं. मी पाय गरम पाण्यात सोडून बसून राहिले.

तिसऱ्या वेळी कळलं की गावच्या अधिकाऱ्याने म्हातारीचा जबाब घेतला आहे. कारकुनाने तो वाचून दाखवला. "टीचरने वरचं बटण दाखवलं. तिथून खाली मी माझं मोजलं. कितवं, ते तुम्हालाही सांगणार नाही." खाली तिचा अंगठा होता.

तक्रार निकाली निघाली. माझ्या त्या ओळीचं काय झालं, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाहेर ऊन फार होतं. बस भरलेली आली, तरी एका कोळणीने टोपली मांडीवर घेऊन मला टेकायला जागा करून दिली.