मोठाईचा पिढा

पवनीच्या बाजारात वांगी निवडत होते, तेव्हा मुलाचा, विनूचा फोन आला. "आई, मोठाई वारली. झोपेतच." तब्येत बरी नाही, लवकर ये, असलं आडवळण नाही. हे सरळ बोलणं त्याला मी शिकवलेलं नाही, हे आधीच कबूल करते.

मोठाई म्हणजे माझी मोठी जाऊ. तिला मूल नव्हतं, म्हणून तिला लेकरांतलं काय कळतं, असं मी तरुणपणी चार बायकांत खुशाल बोलायची. मी मोठी शहाणी! पोर पडलं की जमिनीला चापट्या मारायच्या, 'मुंगी मेली बघ' म्हणायचं, तोंडात गुळाचा खडा कोंबायचा... रडणं बंद. माझ्या घरात किती मुंग्या मेल्या असतील, देवाला ठाऊक.

विनू सहा वर्षांचा असताना त्याची लाडकी बकरी साप चावून मेली. तो शाळेतून आल्यावर मी त्याला सांगितलं, "आसगावले मामाच्या घरी गेली, चरायले." आसगाव माझं माहेर. पोरगं हसलं, जेवलं. मी स्वतःवरच खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी विनू घरात नाही! गावचं तळं काठोकाठ भरलेलं. माणसं पाण्यात उतरली, मी काठच्या पाळीवर ऊर बडवत उभी... दिवस कलताना मोठाई त्याला हाताला धरून घेऊन आली. आसगावच्या वाटेवर सापडला होता. त्याच्या डोक्यावर बोरीच्या पाल्याचा भारा. मामाकडचा पाला बकरीला आवडत नसेल म्हणून.

मोठाईनं त्याला चुलीजवळच्या आपल्या पिढ्यावर, बुटक्या पाटावर, बसवलं. "बापू, बकरी मेली. साप चावला तिले. मोहाच्या बुडाशी पुरली. उद्या जाऊ आपण तिथं."

विनूनं हंबरडा फोडला. मी गुळाच्या डब्याकडे धावले, तर तिनं माझा पदर धरला. "बस वं. रडू दे त्याले." आणि शेजारी तांदूळ निवडत राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "आई खोटं काहून बोलली?"

"तुले रडताना पाहून तिले भेव लागते, बापू."

त्यानंतर कित्येक दिवस मी 'भात शिजला' म्हटलं, तरी तो मोठाईकडे जायचा. "खरंच शिजला का?" ती हसायची नाही. मी मात्र पदरात तोंड लपवून रडायची.

मोठाईची तेरवी झाल्यावर विनूची पाच वर्षांची परी आजोळाहून आली. रिकामा पिढा पाहून म्हणाली, "मोठाई कुठं आहे?" आसगाव माझ्या जिभेवर आलंच होतं... दारात विनू उभा. मी पिढ्यावर बसले, तिला मांडीवर घेतलं. "मेली वं माय. आता नाही येत."

परी रडली, खूप रडली. मग माझ्याकडे संशयानं पाहत तिनं बापाला विचारलं, "खरं का, बाबा?"

"आजीनं सांगतलं नं," विनू म्हणाला, "मंग खरंच."

पिढा अजून तिथंच आहे. परी रुसली की आपणहून जाऊन बसते, मी बाजूला तांदूळ निवडते. गुळाचा खडा मात्र पदराच्या टोकाला बांधलेला असतोच... मी काही मोठाई नाही.