मोहाखालचा उजेड

मोहफुलांचा आंबूस-गोड वास आला की मला आजही एक सकाळ आठवते. त्या सकाळी मी कॅमेरा घेऊन आईसोबत हिंगणीजवळच्या जंगलाकाठी गेले होते. ती मोहफुलं वेचत होती. जाळलेल्या पाचोळ्याचा धूर झाडाखाली रेंगाळत होता आणि त्यातून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या उतरत होत्या. तो उजेड सगळा फोटोत मावावा म्हणून मी बरीच मागे सरकले. तेवढ्यात झाडावरचं एक वानर आईमागच्या झुडपांकडे बघून, वाघ दिसल्यासारखं, खेकसायला लागलं. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, हे येताना तिनंच सांगितलं होतं, आणि ती वाकलेलीच होती. "आई, उभी राह्य," मी ओरडले. "काऊन वरडून राह्यली? टोपलं तर भरू दे मले," ती वाकूनच म्हणाली. मी कॅमेरा सोडून धावले आणि दंडाला धरून तिला उभं केलं. झुडपांतून काहीच बाहेर आलं नाही. आता मी नागपुरात असते. मोह गळायला लागला की रोज सकाळी आईला फोन लावते, आणि ती उचलेपर्यंत मला खाली बसवत नाही.