सात नवे त्रेसष्ट

नरहरराव मास्तरांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. दोन पाट्या शेण, तीन घागरी पाणी. शाळेची जमीन ते स्वतः सारवायचे. बायकांचं काम, म्हणून उजाडायच्या आत उरकायचे. रोज सारवावी लागायची, कारण रोज आम्ही ती नाचून उखडायचो.

गाव औरादपासून दोन कोसांवर. पाटील उद्धवराव यांच्या पडवीत शाळा. एकोणीसशे अडतीसचं साल. मी वड्डराचा, बाप सडकेवर खडी फोडायचा. आमच्या घरी तेलुगू. शेजारी बसणाऱ्या अमृतप्पाच्या घरी कानडी. मराठी पुस्तकातलं आम्हा दोघांना काही कळायचं नाही. मास्तर गुलबर्ग्याकडचे, त्यांचं घरचं बोलणंही कानडीच. ते म्हणाले, "तोंडाला येईना तर पायाला येऊ द्या."

त्यांच्या मुलखात टिपऱ्यांचा नाच असतो, कोलाट म्हणतात. त्यावर त्यांनी पाढे बसवले. साताच्या पाढ्याला सहा ठोके आणि सातव्याला उडी. उडी पडली की आकडा मोठ्यानं म्हणायचा. भूगोलही तसाच. मांजरा नदी व्हायची तर सगळ्यांनी रांगेनं पूर्वेला चालायचं, बीदर मागं पडलं की उत्तरेला वळायचं, गोदावरीपाशी बसायचं. मोठ्या घरची पोरं माझा हात धरायला बिचकायची. मास्तरांनी टिपरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं माझ्या. कुणाला काही बोलता आलं नाही.

विहिरीवरच्या बायका मात्र बोलायच्या.

"मास्तर, पोरं शिकायलीत का कुणाचं लगीन लागायलंय?" राजूबाई विचारायची.

"लगीनच लागायलंय," मास्तर म्हणायचे. "साताचं नवाशी. या की जेवायला."

चार महिन्यांत मला बारापर्यंत पाढे आले.

शाळा खासगी होती. संस्थानच्या सरकारची मंजुरी नसली तर बंद करावी लागणार, असा कागद आला होता. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब मुआयन्याला, शाळा तपासायला, यायचे ठरले. आदल्या दिवशी उद्धवराव पडवीत आले.

"मास्तर, उद्या नाच नको. साहेब म्हणतील, शाळा हाय का तमाशाचा फड?"

"पाटील, पोरं नाचूनच शिकल्यात."

"शिकली न्हवं? मग आता उभं ऱ्हाऊन सांगतील. गावाची अब्रू हाय."

 मास्तरांनी टिपऱ्या गोळा करून माळ्यावर टाकल्या. आम्हाला म्हणाले, "उद्या हात बांधून, पाय जुळवून उभं राहायचं. कुणी हलायचं न्हाई."

साहेब घोड्यावर आले. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी मला उभं केलं आणि मराठीतच विचारलं, "सात नवे?"

मला उत्तर येत होतं. पण ते डोक्यात नव्हतं, नवव्या उडीच्या खाली होतं. पायाचा अंगठा आपोआप उचलला गेला.

"सिद्धराम, पाय," मास्तर म्हणाले.

मी पाय दाबून धरला. सत्तावन्न म्हणालो. मग चौसष्ट. अमृतप्पा तर रडायलाच लागला. साहेबांनी बारा जणांना विचारलं, तिघांना सांगता आलं.

साहेबांनी वही मिटली. जाताना मास्तरांना म्हणाले, "सुने थे, यहाँ बच्चे नाच के पहाडे बोलते. वोइच देखने आया था मैं. दिखाए क्यों नहीं?"

मास्तरांनी माळ्याकडं पाहिलं. उद्धवराव घोड्याचा लगाम धरून उभे राहिले. बापाबरोबर कंत्राटदाराच्या मागं फिरून तेवढं उर्दू मला येत होतं. साहेब, उडी मारून सांगतो, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. म्हटलं नाही. महिन्याभरानं नामंजुरीचा कागद आला आणि पडवीत पुन्हा कडबा भरला.

पाच वर्षांनी मी शहाबादच्या फरशीच्या खाणीवर कामाला लागलो. तिथं मास्तर दिसले. कारकुनाची जागा नव्हती म्हणून फरशा उचलायचे. चार वर्षांत हातांना घट्टे पडले होते, बाकी अंग दगडाच्या कामाचं नव्हतं. पण जोडीदाराच्या अंगावर भार टाकताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. संध्याकाळी ठरलेल्या फरशांत एक कमी नसायची. ही मजुरी ते शाळेच्या खोलीसाठी साठवत होते.

"मास्तर, हितं चाळीस पोरं हायत," मी म्हणालो. "जेवणाच्या सुट्टीत नाचवा की."

"न्हाई. आता झाकून काही करायचं न्हाई. आधी मंजुरी, मग खोली, मग पोरं."

त्यांच्या बायको सरस्वतीबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब बघायला आले तवा झाकलं. आता कुणीच आडवं न्हाई, तर मंजुरी पायजे."

मास्तर जेवत राहिले. दर वर्षी ते अर्ज करायचे. एकाचंही उत्तर आलं नाही. ती चाळीस पोरं दगड वाहायला लागली. त्यांच्यातल्या कुणालाही पाढे येत नाहीत, हे मी पुढं तीस वर्षं त्यांच्यासोबत काम करून सांगतो.

अठ्ठेचाळीसच्या सुरुवातीला संस्थानात गावोगावी लुटालुटीची, जाळपोळीची धास्ती पसरली, लोक संस्थानची सरहद्द ओलांडायला लागले. मास्तर आणि सरस्वतीबाई सोलापूरला गेले. तिथं त्यांना दहा महिने काम मिळालं नाही. खोलीचं भाडं, ज्वारी आणि सरस्वतीबाईंच्या तापाची औषधं यांत शाळेच्या खोलीसाठी साठवलेली नऊ वर्षांची मजुरी संपली.