वांगी कोवळी मिळाली, म्हणून…

शालूताई, माझी थोरली जाऊ, गेली त्याला दीड महिना होत आला. मी तेव्हा येवल्याला माहेरी होते. सकाळी सकाळी थोरल्या दिरांचा फोन आला, "सुमन, शालू उठलीच नाही गं…" आणि खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो रामकुंडाजवळच्या त्या म्हाताऱ्याचा. शेवटी मेल्याची जीभ फळली!

मी मुळातलीच भित्री. पाल चुकचुकली तरी देवापुढे दिवा लावणारी. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," हे शालूताई मला दिवसातून दोनदा ऐकवायची. ती स्वतः मात्र दर गुरुवारी स्टीलचा डबा घेऊन एकटी नदीवर जायची. रामकुंडाजवळ पुलाखालच्या पायऱ्यांवर गणपत नावाचा तो उंच म्हातारा राहायचा, एका डोळ्यात फूल पडलेला. राहायचा म्हणजे काय, एक घोंगडी आणि एक पिशवी. पेठ तालुक्यातून बांधकामावर आला होता, पडून पाय अधू झाला, आणि मग परत जायला घरच उरलं नाही. एकदा तिच्या आग्रहाखातर मी सोबत गेले. डबा बघताच त्यानं विचारलं, "कोण गेलं?" मी थिजलेच. भरल्या घरातून आलेल्या सवाष्णींना असं विचारतात का कुणी? पण शालूताई सहज म्हणाली, "कोणी नाही हो गणपतराव. वांगी कोवळी मिळाली, म्हणून केली."

परत येताना रिक्षात मी तिच्यावर उखडले. म्हटलं, वास्तू तथास्तु म्हणत असते, कशाला ऐकून घेतेस? तर म्हणाली, "अगं, त्याच्यापुढे पान येतं ते कुणाच्या तरी दहाव्याचं नाहीतर तेराव्याचं. कुणी मेल्याशिवाय त्याच्या पोटात घास जात नाही. नुसतं आवडेल म्हणून कुणी आणलं तर बिचारा विचारणारच ना?" पुढे तर तिनं त्याचा खेळच केला. तो विचारायचा, कोण गेलं. ही सांगायची, मेथी हिरवीगार होती, गवार छान होती. हळूहळू गणपत गुरुवारी अंघोळ करून, केसांना पाणी लावून बसायला लागला, हे ती घरी येऊन कौतुकानं सांगायची. मी मात्र ती परत येईपर्यंत खिडकीशी उभी. तिला ताप आला तेव्हा एकदा मलाच जावं लागलं. डबा त्याच्यासमोर ठेवून निघाले, तर तो लंगडत, ओरडत माझ्यामागे! मी अशी पळाले की एक चप्पल तिथंच राहिली. पुढच्या गुरुवारी शालूताई डबा आणि चप्पल दोन्ही घेऊन आली. "अगं बये, झाकण तुझ्याच पिशवीत राहिलं होतं म्हणून हाका मारत होता तो," म्हणाली आणि पोट धरून हसली.

शालूताईच्या दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. तिथले कावळे खाऊन खाऊन सुस्तावलेले, तरी एखादा येतोच. त्या दिवशी तासभर एकही खाली उतरेना. दीर हात जोडून म्हणाले, "नातीचं सगळं नीट करू." नाही. "तुझी तुळस वाळू देणार नाही." नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मला ठाऊक होतं काय राहिलंय ते. "डबा मी नेईन," एवढंच म्हणायचं होतं. पण तो फुलाचा डोळा आठवला आणि ओठ उघडेनात… शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून खिडकीत कावळा ओरडला तरी मी दचकायचे. शालूताई, तुझं मी अडवून धरलंय, असं वाटायचं.

गेल्या गुरुवारी राहवलं नाही. वांगी केली, डबा भरला, आणि रामरक्षा म्हणत पायऱ्या उतरले. गणपत बसला होता. अंघोळ केलेला, केस चापूनचोपून बसवलेले. म्हणजे एवढे सगळे गुरुवार हा माणूस असाच तयार होऊन बसत होता…

"कोण गेलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं, "वांगी… कोवळी मिळाली." त्यानं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. झाकण उघडलं आणि पहिला घास शेजारच्या दगडावर काढून ठेवला.

"बाईला शिवला व्हता का कावळा?"

"नाही हो. दर्भाचा करावा लागला," म्हणाले आणि तिथंच पायरीवर बसून हमसून हमसून रडले.

त्यानं दगडावरच्या घासाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग राहिलं आसंल काय तरी."

"पुढच्या गुरुवारी काय आणू?" मी विचारलं.

"कवळं मिळंल ते."

आज बुधवार. घासलेला डबा ओट्यावर पालथा घातलाय. माझी भीती गेली असं मुळीच नाही. फक्त आता त्याची वाटत नाही. उद्या डबा घेऊन पायऱ्या उतरेन आणि तिथं नुसती घोंगडीच असेल, याची वाटते. तेव्हा "कोण गेलं?" असं मलाच विचारावं लागेल… आणि सांगणारं कुणी नसेल.