खोडलेली ओळ

सुधाकर गेल्याचं मला मोहोपाड्यातल्या आमच्या कारखान्याच्या फलकावर कळलं. शोकसंदेश गेल्या वर्षी वारलेल्या फोरमनचाच होता, नाव तेवढं बदललेलं. त्यामुळे लग्नच न केलेल्या सुधाकरच्या पश्चात तीन मुली राहिल्या... तो असता तर हसला नसता.

दहिवलीचा हा माणूस आमच्या कचेरीत टायपिस्ट. कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी नारळ फोडला आणि चुका आता इतिहासजमा झाल्याचं जाहीर केलं. यंत्राचा सारा कारभार कळांवर. एका कळीने ओळ उचलायची, दुसरीने हवी तिथे चिकटवायची. उचललेली ओळ एका अदृश्य कप्प्यात राही. मात्र मध्येच दुसरं काही खोडलं, की खोडलेलंच त्या कप्प्यात जाऊन बसे आणि आधीचं नाहीसं होई. हे साहेबांना ठाऊक नव्हतं, सुधाकरलाही.

टाकीसफाईसाठी आत उतरण्याच्या परवान्याचा कागद करताना त्याने ‘वायू तपासणी बाकी, उतरू नये’ ही ओळ उचलली, मग जुन्या कागदातली ‘वायू तपासला, उतरावे’ ही खोडली आणि तिच्या जागी चिकटवायची कळ दाबली. खोडलेलीच परत आली. कागद इंग्रजीत, उतरणाऱ्याला वाचता न येणारा. खालापूरकडचा सफाई कामगार नामदेव तो खिशात घालून टाकीत उतरला. दोराने वर ओढला तेव्हा त्याचे ओठ निळे होते. वाचला. चौकशीत दोष नामदेवच्या घाईला मिळाला. ‘चूक माझी’ असं सुधाकरने लिहून दिलं. ते कुणी घेतलं नाही.

तेव्हापासून तो प्रत्येक ओळ यंत्रातल्या ए, बी अशा अक्षरांच्या वेगळ्या कप्प्यात ठेवी, म्हणजे खोडलेलं तिच्या जागी येत नसे, आणि उतरणाऱ्याला सारा कागद मराठीत वाचून दाखवी, तोही शेवटच्या ओळीपासून वर. “वरून वाचलं की डोळा सवयीने धावतो.”

“पोथी लावलीस का रं?” नामदेव चिडवायचा. “टाकी सुकंल तवर.”

“सुकू दे. तू नको सुकू.”

नव्या ऑपरेटरचा हात वेगवान आहे, साहेब खूश आहेत. परवा नामदेव कागद घेऊन माझ्याकडे भांडारात आला.

“भाऊ, नवा वाचत नाय. तुमी वाचा जरा.”

मी खालून सुरुवात केली. शेवटची ओळ बरोबर. तिच्यावरची बरोबर. तिसरीवर बोट थांबलं. वायू तपासला, उतरावे. वायू तपासणारा तर चार दिवस रजेवर होता.

“काय हाय, भाऊ?”

त्याच्या कमरेला दोर बांधून झालेला होता.

“आधी तो सोड,” मी म्हणालो.