एक गुणसूत्र कमी

मिठबावच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून लागले तेव्हा माझी उंची चौथीतल्या मुलींएवढी होती. फळ्यावर लिहायला स्टुलावर चढावं लागे. पाळी कधी आलीच नव्हती. आईने कुणकेश्वराला नवस केले, वैद्याचे काढे पाजले आणि शेवटी माझ्या लग्नाचं नाव काढणंच सोडलं.

साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यात मला विलक्षण तहान लागू लागली. तांब्या रिकामा केला तरी घसा कोरडाच. पोलकी अंगावर लोंबायला लागली. मुंबईला गिरणीत असलेल्या भावाने बोलावून घेतलं, तशा आई आणि मी बोटीने गेलो.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मधुमेह सांगितला. पण त्या माझी आखूड, रुंद मान आणि बाहेर वळलेली कोपरंही न्याहाळत राहिल्या. रक्त घेतलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं.

"माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात. हिच्यात जन्मापासून एक कमी आहे. म्हणून उंची खुंटली, पाळी आली नाही."

"आणि साखर?" मी विचारलं.

"तिचाही याच्याशी संबंध असावा. नक्की अजून कोणालाच ठाऊक नाही. पण साखर ताब्यात ठेवता येईल."

आईने इतका वेळ पदर मुठीत धरला होता. "मी गरवार असताना ग्रहणात इळीवर मासे कापलंय. ह्या त्येच्यामुळा झाला नाय मां?"

"नाही हो. यात तुमची काहीही चूक नाही."

आई तिथेच रडली. इतकी वर्षं ती हे एकटीच बाळगून होती, हे मला त्या दिवशी कळलं.

गावी परतल्यावर शेजारीण चौकशीला आली. आई तिला म्हणाली, "एक कमी आसा म्हणे. बाकीची पंचेचाळीस बरी आसत!"

गोळ्या सुरू झाल्या, भात निम्म्यावर आला. रोज सकाळी लघवीचे थेंब काचेच्या नळीत निळ्या औषधात उकळून बघायचे; साखर असली की रंग विटकरी होई. नळी चिमट्यात धरायचं काम आईने आपणहून घेतलं. कित्येक आठवडे विटकरी, मग हिरवट. दिवाळीच्या सुमारास मी वेणी घालत असताना ती चुलीकडून ओरडली, "निळो आसा गो! निळोच ऱ्हवलो!"

त्या दिवशी शाळेला जाताना पोलकं अंगावर नीट बसलं होतं.