गूळ कुठं ठेवलाय?

लोणावळ्यात चिक्कीच्या भट्टीवर गुळाचा पाक घोटता घोटता गफूरभाईंनी ठरवलं होतं, पंचेचाळिशीनंतर कुणाची चाकरी नाही. पगार झाला की आधी एसआयपी, मग घरखर्च. बाहेर कधी चहासुद्धा प्यायले नाहीत. बायको मदिनानं भरून दिलेल्या डब्यावर वर्षं काढली. आणि खरंच, काल काम सोडलं!

आज ऊन अंगावर येईस्तोवर ऐटीत लोळून त्यांनी हाक दिली, "मदिना, गुळाचा चहा टाक!"

मदिना दारात चपला घालत होती. "माझ्या डब्यांवरच साठला ना पैसा? मग मीपण कालच रिटायर झाले. चालले बहिणीकडे."

गफूरभाई फणकाऱ्यानं स्वयंपाकघरात शिरले. जन्मभर गुळाच्या ढेपा फोडलेला माणूस सगळे डबे उचकून ओरडला, "अगं, गूळ कुठं ठेवलाय?"

अंगणातून उत्तर आलं, "लग्न झाल्यापासून ठेवते तिथंच!"